टप उघडणारी गाडी घ्यावी का? आधी महिनाभर एक काम करा

[कॅमेऱ्यासमोर. मागे दोन सीटची गाडी, टप बंद.]

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर माझा मावसभाऊ मला एकच प्रश्न विचारतोय. "ताई, घेऊ का?" काय घेऊ, हे तो आता सांगतही नाही. बुटकी, लांब नाकाची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. फोटो मोबाइलमध्ये भरलेत, घरच्यांपुढे विषय काढायची हिंमत नाही, म्हणून माझं डोकं खातो.

हौसेला मोल नसतं म्हणतात. खरंय, मोल नसतं, हप्ते असतात. पण हप्त्यांचं गणित तुमचं तुम्ही कराल, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते बंद टपाबद्दल. लोक ही गाडी मनातल्या एका सुंदर संध्याकाळसाठी घेतात आणि मग वर्षातले बाकीचे दिवस टप लावून तिच्यातच बसतात. त्या बाकीच्या दिवसांचा विचार शोरूममध्ये कोणी करत नाही. विकणारा तर टप उघडा ठेवूनच गाडी समोर आणतो!

त्याआधी एक गुंता सोडवू. 'स्पोर्टी कन्व्हर्टिबल' म्हणताना आपण दोन हौशी एकत्र बांधतो. एक, वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवायची. दुसरी, डोक्यावर आभाळ घेऊन बसायची. आणि या दोघींचं आपसांत फारसं पटत नाही.

[बुटांचं खोकं उचलते.]

हे खोकं. झाकण चिकटवलंय. दोन्ही टोकं धरून पिळते... फारसं हलत नाही. आता झाकण काढलं. बघा, कसं लचकतंय. गाडीचं छप्पर म्हणजे हे झाकण. ते ऊन-पाऊस अडवतंच, पण गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. ते कापलं की दारांखालचे उंबरे जाड करावे लागतात, पुढच्या काचेच्या खांबांत जास्त ताकदीचं पोलाद घालावं लागतं, तळाला तिरक्या पट्ट्या माराव्या लागतात. वर टप उघडायची मोटर आणि सांगाडा आलाच. म्हणजे छप्पर काढलं तरी गाडी हलकी होत नाही. तिच्याच छपरवाल्या बहिणीपेक्षा बहुतेक वेळा जडच भरते.

हे तुम्हाला टेस्ट ड्राइव्हमध्ये स्वतः पकडता येतं. खडबडीत रस्त्यावर सावकाश जा आणि मधल्या आरशाकडे बघा. आरशातलं मागचं चित्र थरथरतंय? मग पुढच्या काचेचा खांब हातावर ठेवा... म्हणजे हात खांबावर ठेवा. (हे कापू नकोस रे, राहू दे.) खांब बोटांखाली सूक्ष्म हलताना जाणवला, तर बॉडी लचकतेय. अशी गाडी समुद्राकाठी रमतगमत फिरायला झकास. वळणात मात्र ती तुम्हाला थोडं उशिरा उत्तर देणार.

आता काही गाड्या जन्मतःच बिनछपराच्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी. 1962 ची लोटस एलान घ्या. गाडीच्या मधोमध पोलादी कणा, वर फायबरग्लासची हलकी बॉडी. भार सगळा कण्यावर, त्यामुळे छपराची मदत लागतच नव्हती. ब्रिटिश रोडस्टरांची, म्हणजे दोन सीटच्या उघड्या गाड्यांची, तीच चव पकडून मझ्दाने 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये एमएक्स-5 आणली. 2016 पर्यंत तिने दहा लाख गाड्यांचा आकडा गाठला. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारसाठी हा आकडा अफाट आहे. तिच्यात राक्षसी ताकद नाही. आजची सुद्धा दीड नाहीतर दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनावर चालते आणि वजन साधारण टनभर. मझ्दावाले त्याला 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. जाहिरातीचे शब्द मी सहसा मनावर घेत नाही, पण हे खरे वाटतात. या गाडीत साठच्या वेगालाही आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटतं.

चार सीटची कन्व्हर्टिबल घेऊन 'कुटुंबही मावेल' असं जे स्वतःला पटवतात, त्यांना एवढंच सांगते: आधी स्वतः मागच्या सीटवर बसून बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागतं.

बरं, वारा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं की वारा समोरून येणार आणि केस मागे उडणार. प्रत्यक्षात उलटं होतं. हवा पुढच्या काचेवरून उसळून डोक्यावरून निघून जाते, काचेमागे दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला हवा मागून, दोन सीटांच्या मधून आत घुसते. म्हणून केस पुढे, तोंडावर येतात. मी पहिल्यांदा अशी गाडी चालवली तेव्हा अर्धा वेळ ओठांवरचे केस काढण्यात गेला. यावर उपाय म्हणजे सीटांच्या मागे लावायची जाळी किंवा काच, विंड डिफ्लेक्टर. दिसायला फडतूस, कामाला सोन्यासारखी. गाडीबरोबर ती मिळते की वेगळी घ्यावी लागते, हे विचारून ठेवा.

आवाजाकडेही बघा. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, अशी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची एक रूढ मर्यादा आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला चार तास, 91 ला दोन. हायवेवर टप उघडा ठेवून तासन्‌तास जाणार असाल तर कानाचे बोळे वापरा. मी वापरते. दिसतं विचित्र, पण संध्याकाळी डोकं ठणकत नाही.

आणि ऊन! मला सगळ्यात मोठा धक्का उन्हाने दिला होता. उन्हाळा आला की टप उघडायचे दिवस आले, असं वाटायचं. भर दुपारी टप उघडून सिग्नलला उभं राहा, तव्यावर बसल्यासारखं होतं. या गाडीचं खरं हवामान म्हणजे थंड आणि कोरडं. अंगात जाकीट, काचा वर, पायाशी हीटर. मर्सिडीजने 2004 च्या एसएलकेमध्ये सीटच्या डोक्यामागून मानेवर गरम हवा सोडायची सोय दिली होती, नाव एअरस्कार्फ. ऐकायला चैन वाटते, पण थंडीत टप उघडणाऱ्याला विचारा.

म्हणजे तुमच्याकडे थंड, कोरड्या सकाळी-संध्याकाळी वर्षात किती, आणि त्या वेळी तुम्ही गाडीत असता की ऑफिसात, हे बघायला हवं. त्यावर शेवटी येते.

[गाडीच्या टपावर हात ठेवते.]

टप कापडी की पत्र्याचा? पत्र्याचा, दुमडून डिकीत जाणारा टप नवा नाही. प्यूजोने 1930 च्या दशकातच तो काढला होता. पण तो खरा गाजवला 1996 च्या मर्सिडीज एसएलकेने, आणि मग काही वर्षं जो तो त्याच्या मागे. गंमत बघा, बीएमडब्ल्यूची झेड4 आधी कापडी टपाची होती, दुसऱ्या पिढीत पत्र्याची झाली, आणि 2018 ला तिसरी आली ती पुन्हा कापड घेऊन. कापड हलकं, डिकीत कमी जागा खातं, आणि ते वजन गाडीच्या माथ्यावर बसत नाही, म्हणून वळणात बरं. चांगल्या कापडी टपात बाहेर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर आणि आत अस्तर असतं; तंबूचं कापड समजू नका.

पत्र्याच्या टपाचा नाद मी का सोडला, ते सांगते. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, पण मी एक जुनी घेतली होती. एका संध्याकाळी थेंब पडायला लागले, मी गाडी कडेला घेतली, बटण दाबलं. डिकीचं झाकण उलटं उघडलं, टप अर्धा वर आला आणि हवेत तसाच थांबला. ना पुढे, ना मागे. मी आत, पाऊस माझ्यावर, आणि गाडी 'आ' वासून उभी. एकजण छत्री घेऊन थांबला, त्याने फोटो काढला आणि गेला. पुढे कळलं की बिघाड एका बोटाएवढ्या स्विचचा होता. टपाच्या प्रत्येक टप्प्यावर असे छोटे स्विच असतात. डिकीचं झाकण उघडलं, सांगाडा हलला, कुलूप बसलं, हे सगळं ते कंट्रोलरला कळवतात. एकाने तोंड बंद केलं की सगळा संसार ठप्प.

हाताने मागे टाकायचा कापडी टप असता तर? सीटवर बसल्या बसल्या हात मागे घालून ओढायचा, 'टक' करून कडी लावायची. ज्यात मोटरच नाही, तिथे मोटर काय बिघडणार!

डिकीचं थोडक्यात. एमएक्स-5 ची डिकी आहे 130 लिटर. विमानात नेतो तशी एक छोटी बॅग आणि वर कोंबायला एक मऊ पिशवी. टप मोटरने डिकीत जाणाऱ्या गाड्यांत आतली पडदी खाली केल्याशिवाय टप उघडत नाही, आणि पडदी खाली केली की सामान मावत नाही. म्हणून डिकी बघायची ती टप आत गेल्यावर.

आता बसून बघायचं. उंच माणसांनो, खास तुमच्यासाठी. सीटवर बसल्यावर पुढच्या काचेची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येते का? आली तर सिग्नल दिसायला दरवेळी मान वाकवावी लागेल. दुसरं, सुरक्षेचं. मर्सिडीजच्या 1989 च्या एसएलमध्ये गाडी उलटतेय असं जाणवताच आपोआप वर उसळणारा दांडा आला. काही गाड्यांत सीटांमागे पक्क्या कमानी असतात. कमान पक्की असेल तर झाडूचा दांडा घ्या, एक टोक काचेच्या वरच्या कडेवर, दुसरं कमानीवर. डोकं त्या रेषेखाली राहायला हवं. ट्रॅकवर जाणारे हेल्मेट घालून हेच बघतात. झाडू घेऊन शोरूममध्ये जायला लाज वाटेल. वाटू दे.

आणि टेस्ट ड्राइव्हचा निदान अर्धा वेळ टप बंद करून चालवा. हायवेवर न्या, मागे बघा, बाजूला बघा. मागची काच केवढीशी, बाजूला जाड कापडी कोपरा, त्यामागे अख्खी मोटरसायकल लपते. खिडकीच्या काचेला चौकट नसते, त्यामुळे वारा शिट्टी घालतो का, ऐका. शक्य असेल तर अशीच गाडी दोन दिवस भाड्याने घ्या, आणि दोन दिवस नेहमीची कामं तिच्यातूनच करा.

जुनी घेत असाल तर इंजिनच्या आधी गालिचा. सीटच्या मागे, कोपऱ्यात, गालिच्यावर तळहात दाबा. गार, ओलसर लागला किंवा कुबट वास आला, तर टपावरून वाहून जाणारं पाणी कुठेतरी आत मुरतंय. पाणी जायला बॉडीत बारीक नळ्या असतात, पाचोळ्याने त्या तुंबतात. काही गाड्यांत सीटखालीच इलेक्ट्रॉनिक्सची पेटी असते, तिला पाणी लागलं की खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही. टप तीनदा उघडा, तीनदा लावा. एकदा करून दाखवला तर त्याला काही अर्थ नाही.

'पुढे किंमत वाढेल' म्हणून तर मुळीच घेऊ नका. अमेरिकेत 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून खपली. लोकांनी झाकून ठेवल्या, नातवंडं श्रीमंत होतील म्हणून. सहा वर्षांत क्रायस्लरने कन्व्हर्टिबल पुन्हा आणली आणि 1984 ला तर एल्डोराडोचाच टप परत उघडला.

आता ते काम. मावसभावाला मी म्हणाले, वही नको, भिंतीवरचं कॅलेंडर घे. महिनाभर, आहे त्या गाडीत जितक्या वेळा बसशील तितक्या वेळा उतरल्यावर खूण कर. या फेरीत टप उघडला असता तर बरोबर, नाहीतर फुली. प्रामाणिकपणे. ऊन, धूळ, मागे मुलं, फोनवर बोलणं, डिकीत सामान, सगळं धरून. आणि शेजारी लिही, किती जण होतात.

महिन्याने कॅलेंडर आलं. एक्केचाळीस फेऱ्या, त्यात सहा बरोबर. तो हिरमुसला होता. मी विचारलं, या सहात तुझ्याबरोबर कोण होतं? कोणीच नाही. सहाही वेळा एकटा, रात्री नऊनंतर, कामावरून येताना लांबच्या रस्त्याने. घरात दुसरी, मोठी गाडी आहेच. मग मी त्याला म्हटलं, तुला नवी कोरी, चार सीटची, बटणावर उघडणारी काय करायचीये? जुनी, दोन सीटची, हाताने टप टाकायची बघ.

सहाच्या ऐवजी दोन खुणा असत्या, किंवा घरात तेवढी एकच गाडी असती, तर मी नको म्हणाले असते. आणि सहाही वेळा मागे मुलं असती तर चार सीटचीच बघायला लावली असती, पाय मावतात का ते मोजून.

त्याने घेतली. ही मागे उभी आहे ती त्याचीच, शूटिंगपुरती मागून आणलीये. परवा त्याचा फोन आला, "ताई, पायाशी पाणी साचलंय." म्हटलं, नळी तुंबली असेल. गवत कापायच्या यंत्रात असते ना, ती नायलॉनची जाड दोरी घाल आणि हळूहळू फिरव. लोखंडी तार घालू नकोस, आतली नळी फाटेल.

"तार घातली," म्हणाला.

तेव्हा आता कॅमेरा बंद करून मी गालिचा उचलणार आहे. नळी खरंच फाटली असेल, तर पुढचा व्हिडिओ तिच्यावरच.