एका तालमीला दोन वस्ताद

बिंदू चौकातली सकाळ. चहाच्या गाड्यावर पेपर पसरलाय आणि सैनिक टाकळीचे एक रिटायर्ड सुभेदार तावातावानं सांगायलेत, "लढाईत हुकूम एकाचाच चालतो!" विषय युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांचा. 2022 ला आपली मेडिकलची पोरं युक्रेनमधनं परत आली तेव्हापासनं तो देश इथं कुणाला लांबचा वाटत नाही.

तिथली सिस्टिम अर्ध-अध्यक्षीय, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लोकांनी डायरेक्ट निवडलेला आणि शिवाय संसदेला जबाबदार असणारा पंतप्रधान. एका तालमीला दोन वस्ताद म्हणा की. एरवी कुरकुरत निभतं, पण तोफ वाजली की सगळी माणसं सैन्य ज्याच्या हातात त्याच्या तोंडाकडं बघायला लागतात.

फ्रान्समध्ये तर ही व्यवस्थाच अल्जेरियाच्या (तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातल्या) युद्धातनं आली, 1958 ला, जनरल द गॉल सत्तेवर आले आणि येताना नवी राज्यघटना घेऊन आले. मग एप्रिल 1961, अल्जियर्समध्ये चार जनरलांचं बंड, द गॉलनी कलम 16 लावून सगळे अधिकार स्वतःकडं घेतले. बंड आठवड्याच्या आत थंड. आणि कलम 16 उठलं कधी? 29 सप्टेंबरला! आमच्या मते खरी गोष्ट इथंच आहे, अधिकार घेताना घाई असते, परत देताना कुणाला नसते. 2008 ला मग फ्रेंचांनी घटनेतच घातलं, बाहेर सैन्य पाठवलं तर 3 दिवसांत संसदेला कळवा, 4 महिन्यांच्या वर गेलं तर परवानगी घ्या.

श्रीलंकेचं आणखी वेगळं. 2003 मध्ये पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी शांतता जमवत होते, ते अमेरिकेत गेलेले असतानाच राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगांनी संरक्षणासकट 3 खाती काढून घेतली. पुढं राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षेंनी मे 2009 ला युद्ध जिंकलं, आणि सप्टेंबर 2010 ला राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्मची अट गेली. युद्ध संपल्यावर, बरं का!

युक्रेनमध्ये मार्शल लॉ आहे तोवर निवडणूक नाही, म्हणून 5 वर्षांची मुदत मे 2024 ला संपली तरी झेलेन्स्की खुर्चीत. पण तो मार्शल लॉ 90-90 दिवसांनी वाढवायचा तर संसदेचं मत लागतंच.

हे सुभेदारांना सांगितलं तर म्हणाले, "व्हय, आम्हाला पण थांबा म्हणायचा हुकूम वरनंच यायचा."