उघडिपीची रजा

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, पावसाळ्यातली लख्ख उघडीप नेमकी कामाच्या दिवशी यावी आणि ती आपण कचेरीच्या खिडकीतून पाहावी, ही तक्रार या सभागृहात कोणालाच नवी नाही. तिच्यावर व्यवहार्य उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याआधी जॉर्ज हडसन यांच्याविषयी सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण नोकरी सांभाळून उन्हाचा लाभ कसा घ्यावा या प्रश्नाचा इतक्या चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे थोडीच झाली.

हडसन न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या टपाल कार्यालयात नोकरीला होते आणि त्यांना कीटकांचा ध्यास होता. पाळीच्या कामामुळे दिवसाउजेडी जो मोकळा वेळ मिळे, तो ते कीटक गोळा करण्यात घालवीत. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड लोकांच्या झोपेत जातो आणि माणूस कामावरून सुटेपर्यंत दिवस सरत येतो, हे त्यांना खटकत असे. १८९५ मध्ये त्यांनी तेथील फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे निबंध वाचून उन्हाळ्यापुरती घड्याळे दोन तास पुढे करावीत, असे सुचवले. तेव्हा त्यांना फारसा पाठिंबा मिळाला नाही, तरी १८९८ मध्ये त्यांनी तोच विषय पुन्हा मांडला.

पुढे १९०७ मध्ये इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी स्वतंत्रपणे तशीच योजना मांडली, पण एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे सरकवावे, अशी. एका महिन्यात साऱ्या देशाला चार वेळा घड्याळ लावायला सांगण्याची ती उमेद मला मनापासून आवडते. विलेट १९१५ मध्ये वारले आणि १९१६ मध्ये महायुद्धातील इंधनबचतीसाठी जर्मनीने व ब्रिटनने घड्याळे पुढे केली. न्यूझीलंडने १९२७ मध्ये उन्हाळी वेळ स्वीकारली, तेव्हा हडसन साठीत होते. ती पाहायला ते हयात होते, याचा मला आजही आनंद होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो.

घड्याळ पुढे करण्याचा हा उपाय आपल्या कामाचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळ तासभर पुढे होते. पण पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा, तर लंडनचा अनुक्रमे साडेसोळा आणि आठांहून कमी. आपल्याकडे उजेडाची टंचाई नाही. चांगला दिवस कोणता, हे आधी कळत नाही, ही खरी अडचण आहे. कास पठारावरचा फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, पण त्यातही धुके विरलेली सकाळ कोणती असेल, हे चार-पाच दिवसांपलीकडे खात्रीने सांगणे कठीण असते. याउलट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने भरपगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज मागितला आणि बहुतेक कचेऱ्यांची रीतही त्याच वळणाची राहिली. शेतकरी वाफसा आला की कोळपणीला लागतो. नोकरदाराने मात्र आभाळाची तारीख आगाऊ कळवावी, अशी अपेक्षा आहे. मी नोकरीत असताना अर्जात चांगल्या हवेचे खरे कारण लिहिले आणि अर्ज परत आला, तर त्याच आठवड्यात सहकाऱ्याचे पोटदुखीचे कारण मंजूर झाले. प्रामाणिक माणसाला खोटे कारण शोधायला लावणारी रीत मला सहन होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, वर्षाच्या किरकोळ रजेतील दोन दिवस उघडिपीसाठी राखावेत आणि आदल्या संध्याकाळी नुसते कळवून ते घेता यावेत. एका विभागातील चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे एकाच दिवशी जाऊ नयेत, आधी कळवणाऱ्याला प्राधान्य मिळावे आणि मागच्या वेळी थांबलेल्याचा पुढच्या वेळी पहिला हक्क असावा. रुग्णालये आणि एस.टी.सारख्या सेवांत रजेऐवजी पाळीची अदलाबदल आदल्या दिवशी मान्य व्हावी. काम तुंबेल, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण आकस्मिक आजारपणात दोन दिवसांचे काम ज्या रीतीने सावरले जाते, त्याच रीतीने हेही सावरता येईल, आणि येथे तर एक संध्याकाळ आधी सूचना मिळणार आहे. आपल्यापैकी जे आस्थापना विभागात आहेत, त्यांनी येत्या श्रावणात एका विभागापुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी विनंती आहे.