नकाशाखालची आकडेमोड

[दृश्य : ग्रीनिच वेधशाळेचं अंगण. जमिनीत बसवलेली धातूची पट्टी.]

लंडनमधल्या ग्रीनिच वेधशाळेच्या अंगणात धातूची एक पट्टी आहे. शून्य रेखांश इथून जातो, हे आपण सगळ्यांनी भूगोलात शिकलेलं असतं. पण जीपीएस हातात घेऊन त्या पट्टीवर उभं राहिलं, तर शून्य दिसत नाही. ते दिसतं तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला.

यंत्र बिघडलेलं नाही आणि पट्टीही हललेली नाही. जुनी रेषा ताऱ्यांच्या वेधांवरून ठरली होती. त्या वेधांसाठी लागणारी उभी दिशा स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून धरली जायची, आणि ती पृथ्वीच्या बरोबर मध्याकडेच रोखलेली असते असं नाही. उपग्रहांची मोजणी मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून होते. जागा एकच, संदर्भ दोन, म्हणून आकडेही दोन.

नकाशावरच्या प्रत्येक बिंदूमागे हा प्रश्न उभा असतो : हे अक्षांश-रेखांश कुठल्या संदर्भातले? एका संदर्भातला बिंदू दुसऱ्यात नेण्याचं गणित सॉफ्टवेअर करतं. ते गणित नेमकं कसं केलं, हे उघडून पाहता येणं हीच मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) जीआयएसची, म्हणजे नकाशे आणि जागांची माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची, सगळ्यात मोठी देणगी आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं ही गोष्ट त्यानंतरची.

[दृश्य : क्यूजीआयएसचा पडदा. कॅमेरा हळूहळू ‘अबाउट’ खिडकीतल्या आवृत्त्यांच्या यादीकडे जातो.]

क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत जीआयएस बहुतेकांच्या ओळखीचं असतं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते लिहायला घेतलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००९ मध्ये आली. पण पडद्यावर दिसतो तो वरचा मजला. पाया तीन लायब्ररींचा, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडच्या संचांचा आहे. प्रोज : बिंदू एका निर्देशक पद्धतीतून (जागा आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीतून) दुसऱ्या पद्धतीत नेणारी. जीडॅल : शेकडो प्रकारच्या फाइली वाचणारी आणि लिहिणारी, तिची सुरुवात फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये केली. तिसरी जिऑस : दोन आकार एकमेकांना छेदतात का, एक दुसऱ्याच्या आत आहे का, हे ठरवणारी. मार्टिन डेव्हिस यांच्या जेटीएस या जावा लायब्ररीचा तो सी प्लस प्लसमधला अवतार.

हेच तिघं पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसच्या खाली आहेत, सांख्यिकीच्या आर भाषेतल्या एसएफ पॅकेजच्या खाली आहेत, पायथनच्या जिओपांडाजच्याही खाली आहेत. विकत मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरच्या पोटातही जीडॅल असतं, कारण त्याचा एमआयटी परवाना तशी मुभा देतो.

या सगळ्यांत वयाने मोठ्यांपैकी एक म्हणजे ग्रास, हेही एक जीआयएस. अमेरिकन लष्कराच्या बांधकाम अभियांत्रिकी प्रयोगशाळेने १९८२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेने हात काढून घेतला. एखाद्या बंद उत्पादनाचा तिथेच शेवट झाला असता. कोड सर्वांसाठी खुला होता, म्हणून विद्यापीठांतल्या लोकांनी तो उचलला, १९९९ मध्ये जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आणला, आणि तो आजही चालतो.

आता एक फाईल घेऊ आणि तिच्यासोबत चालत जाऊ.

[दृश्य : फोल्डरमध्ये एकाच नावाच्या पाच फाइली.]

कुणीतरी ईमेलने शेपफाईल, म्हणजे नकाशातले आकार साठवणारी फाईल पाठवतं. नाव एकवचनी असलं तरी हा फाइलींचा संच असतो. एसएचपीमध्ये आकार, एसएचएक्समध्ये त्यांचा निर्देश, डीबीएफमध्ये तक्ता, पीआरजेमध्ये निर्देशक पद्धत, सीपीजीमध्ये अक्षरांची सांकेतिक लिपी. पाठवणाऱ्याने फक्त एसएचपी जोडली की काम तिथेच अडतं. पीआरजे राहिली तर आकार दिसतात, पण ते पृथ्वीवर कुठे ठेवायचे हे कळत नाही. सीपीजी राहिली तर देवनागरी मजकुराचा चिखल होतो.

रकान्याच्या नावाला तर दहा बाइटच मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रासुद्धा. म्हणजे चिन्हं मावतात तीन. ‘लोकसंख्या’ असं नाव दिलं तर ल, ओकार आणि क एवढंच उरतं : ‘लोक’. त्यात प्रत्येक घटक फाइलीला २ जीबीची मर्यादा. त्यामुळे फाईल आली की पहिल्यांदा ती जिओपॅकेजमध्ये उतरवावी. एकच फाईल, आत एसक्यूलाइट डेटाबेस, नावांवर ही कात्री नाही.

उतरवण्याआधी मात्र फाइलीचा तपशील दाखवणारी जीडॅलची ओजीआर-इन्फो ही आज्ञा चालवून पाहायची. रास्टर, म्हणजे चौकोनी घरांच्या जाळीत साठवलेली माहिती असेल तर जीडॅल-इन्फो. त्यात तीन ओळी बघायच्या : विस्तार, निर्देशक पद्धत आणि नोंदींची संख्या. विस्तारात ७३ आणि १८ असे छोटे आकडे असतील तर ते अंश आहेत. पाच लाख, वीस लाख असे मोठे असतील तर मीटर. पद्धतीचं नाव आणि आकड्यांचा आकार जुळत नसेल, तर पुढे जाऊ नये.

पुढे गेलं तर काय होतं, ते पाहू.

[दृश्य : क्यूजीआयएसमध्ये दोन लेयर, म्हणजे थर. एक रस्त्यांचा, एक विहिरींचा. विहिरी कुठेच दिसत नाहीत.]

दोन लेयर एकमेकांवर बसत नाहीत. मग हात आपोआप उजव्या क्लिककडे जातो : ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशक पद्धत). विहिरींच्या लेयरला रस्त्यांचंच, म्हणजे वेब मर्केटर (वेबवरच्या नकाशांची पद्धत; ईपीएसजी या पद्धतींच्या यादीतला क्रमांक ३८५७) लावलं जातं. शिकणाऱ्यांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच असावी. ‘सेट’ने आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते. ७३ अंश होते, त्यांना आता ७३ मीटर म्हणायला सुरुवात झाली. वेब मर्केटरचा आरंभबिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात येतो. पूर्ण जगाचे रेखांश उणे १८० ते अधिक १८०, अक्षांश उणे ९० ते अधिक ९०. त्यांवर मीटरची पाटी लावली, की सारं जग त्या आखातातल्या ३६० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद आयतात जाऊन बसतं. ‘झूम टू लेयर’ करून बघा, विहिरी तिथे सापडतील.

आकडे खरोखर बदलायचे असतील तर ‘रिप्रोजेक्ट लेयर’ हवं. ‘सेट’ वापरायचं ते एकाच प्रसंगी : पाटी हरवली आहे किंवा चुकीची आहे, आणि खरी कोणती हे आपल्याला नक्की माहीत आहे.

याची जुळी चूक म्हणजे क्रमाची अदलाबदल. ईपीएसजी ४३२६ या अंशांतल्या पद्धतीच्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश, मग रेखांश. जिओजेसन या फाइल-प्रकारात आधी रेखांश. जीडॅलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अधिकृत क्रम पाळला जाऊ लागला आणि जुन्या पायथन स्क्रिप्टांतले बिंदू उलटे पडायला लागले. १२० रेखांश अक्षांशाच्या जागी गेला तर उत्तरात ‘अनंत’ येतं आणि चूक निदान दिसते. दोन्ही आकडे ९० च्या आत असले की काहीच ओरडत नाही. बिंदू निमूटपणे भलत्याच खंडावर जातो.

लेयर जुळले. आता विहिरींभोवती १०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा घेर काढायचा आहे. अंशांतल्या लेयरवर १०० लिहिलं तर शंभर अंशांचा बफर निघतो, तो पाहताक्षणी कळतो. वेब मर्केटरमधली चूक अधिक घातक, कारण तिथे एकक खरंच मीटर असतं. फक्त ते मीटर विषुववृत्तापासून दूर जाताना ताणलेले असतात. ६० अंश अक्षांशावर नकाशातले १०० मीटर म्हणजे जमिनीवरचे ५०, आणि क्षेत्रफळ चौपट फुगलेलं. वेब मर्केटर पडद्यावर दाखवायला घ्यावं, मोजायला कधीही घेऊ नये. छोट्या भागातल्या अंतरांसाठी यूटीएम ही मीटरमधली पद्धत घ्यावी : सहा-सहा अंशांचे ६० पट्टे, आणि मधल्या रेखांशावर प्रमाण ०.९९९६, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटरचा फरक. क्षेत्रफळाची तुलना करायची असेल तर समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे पृथ्वी सपाट करताना क्षेत्रफळं न बिघडवणारी पद्धत.

[दृश्य : कागदावर चार बिंदू. पेन त्यांना जोडत जातं.]

आता एक आकार हाताने काढून पाहू. शून्य-शून्यपासून निघा. दहा-दहाला जा. तिथून दहा-शून्य. मग शून्य-दहा, आणि परत सुरुवातीला. चौकोन होत नाही. मध्ये पाच-पाचवर रेषा स्वतःलाच छेदते आणि बो-टायसारखे दोन त्रिकोण तयार होतात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ २५. पण पोस्टजीआयएसला या आकाराचं क्षेत्रफळ विचारलं तर उत्तर येतं शून्य. सूत्र कडेकडेने फिरत बेरीज करतं. एक त्रिकोण सुलट दिशेने फिरला, दुसरा उलट, म्हणून अधिक २५ आणि उणे २५. एसटी-मेकव्हॅलिड ही दुरुस्तीची आज्ञा चालवली की आकार दोन त्रिकोणांत मोडतो आणि ५० मिळतात.

सीमा आखताना हात चुकला की खऱ्या कामात हेच होतं, फक्त दोनशे बिंदूंच्या गर्दीत ते डोळ्यांना दिसत नाही. क्यूजीआयएस अशा आकारापाशी थांबतं आणि भूमिती अवैध असल्याचं सांगतं. सेटिंगमध्ये जाऊन ही तपासणी बंद करता येते. करू नये. ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा, दोष कुठल्या बिंदूवर आहे ते पाहा, मग ‘फिक्स जिऑमेट्रीज’, आणि दुरुस्तीनंतर क्षेत्रफळांची बेरीज पुन्हा पडताळून घ्या. शेजारशेजारच्या सीमांचं काम असेल तर ग्रास अधिक चांगलं. ते दोन भूखंडांमधली सामाईक रेषा एकदाच साठवतं, त्यामुळे दोघांमध्ये फट राहायला जागाच उरत नाही.

पोस्टजीआयएसचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. एक लाख घरं, एक लाख विहिरी, आणि ५०० मीटरच्या आतल्या जोड्या हव्यात. एसटी-डिस्टन्स काढून ‘५०० पेक्षा कमी’ अशी अट घातली, तर डेटाबेस हजार कोटी अंतरं मोजायला बसतो. भूमितीच्या रकान्यावर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार शोधण्याची सूची) बांधून एसटी-डीविदिन ही ‘इतक्या अंतराच्या आत’ अशी अट वापरली, तर जवळपासचेच आकार तपासले जातात. दोन्हींचं उत्तर एकच; पहिल्याची वाट बघत रात्र जाऊ शकते.

[दृश्य : उंचीचं रास्टर, करड्या छटांमध्ये. त्यावरून काढलेला उताराचा नकाशा, सगळीकडे सारखाच लाल.]

रास्टरच्या चुका दिसायला शांत असतात. उंचीची फाईल बहुधा एका आर्क-सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) जाळीत मिळते, विषुववृत्तावर सुमारे ३० मीटर. आडवं एकक अंश, उभं एकक मीटर. ती तशीच उतार काढायला दिली तर गणित म्हणतं : एक मीटर चढ, ०.०००२८ एकक अंतर. उतार ८९.९८ अंश, जवळपास उभा कडा. खरा उतार दोन अंशांहूनही कमी होता. आधी मीटरच्या पद्धतीत आणा, मग उतार काढा.

आणताना रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या घरांत आकडे कसे भरायचे, ते विचारलं जातं. उंचीला बायलिनिअर, म्हणजे आजूबाजूच्या घरांची सरासरी, ठीक. जमीन-वापराला ते लावलं, आणि १० म्हणजे जंगल, २० म्हणजे झुडूप, ३० म्हणजे गवत असेल, तर जंगल आणि गवताच्या सीमेवर सरासरी २० येते. जमिनीवर नसलेली झुडपांची पट्टी नकाशावर उगवते. वर्गांच्या रास्टरला नेहमी निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या घराचाच आकडा. रिकाम्या जागांचा उणे ३२७६८ हा आकडा नोडेटा (माहिती नाही) म्हणून नोंदवलेला आहे का, तेही पाहा. नसेल तर सरासरी उंची समुद्राखाली जाते.

ग्रासमध्ये आणखी एक सापळा आहे. तिथलं रास्टरचं गणित फाइलीच्या नव्हे, ठरवून दिलेल्या ‘रिजन’च्या विस्तारात आणि रिझोल्यूशनमध्ये चालतं. रिजन आधीच्या कामातून १०० मीटरवर राहिला असेल, तर १० मीटरचं रास्टर मुकाट १०० मीटरवर उतरतं. प्रत्येक कामाआधी जी-रिजन चालवून तो रास्टरशी जुळवून घ्यावा. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण प्रत्येक थर एकाच जाळीत बसतो तो तिच्यामुळेच.

[दृश्य : दोन पडदे शेजारी-शेजारी. एकच फाईल, एकच आज्ञा, शेवटच्या आकड्यांत फरक.]

संशोधनात आणखी एक प्रश्न येतो : पाच वर्षांनी हेच उत्तर पुन्हा मिळेल का?

२०१९ मध्ये प्रोजची सहावी आणि जीडॅलची तिसरी आवृत्ती आली. या कामासाठी आदल्या वर्षी अनेक संस्थांनी मिळून पैसे उभे केले होते. तोवर एका डेटममधून (मोजणीच्या संदर्भातून) दुसऱ्यात जाताना सगळे बिंदू सर्रास जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भाच्या वाटेने, तीन किंवा सात आकड्यांच्या सूत्राने नेले जायचे. आता प्रोज जागा पाहून तिथला सर्वांत अचूक मार्ग निवडतं, आणि त्यासाठी लागणारी ग्रिड फाईल (त्या भागातल्या फरकांचा तक्ता) संगणकावर आहे का तेही बघतं. नसेल तर कमी अचूक मार्ग घेतला जातो. म्हणजे एकच फाईल, एकच आवृत्ती, पण एका संगणकावर ग्रिड आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही उत्तरात काही मीटरांचा फरक पडू शकतो. प्रोज-इन्फो या आज्ञेला दोन्ही पद्धतींची नावं दिली, की उपलब्ध मार्ग, प्रत्येकाची अचूकता आणि गायब ग्रिडचं नाव समोर येतं. ‘बॉलपार्क’ हा शब्द दिसला, तर डेटममधला फरक हिशेबात धरलाच गेला नाही, असं समजा.

म्हणून शोधनिबंधात ‘क्यूजीआयएस वापरलं’ एवढं लिहिणं अपुरं आहे. प्रोज, जीडॅल, जिऑस या तिन्हींच्या आवृत्त्या, दोन्हीकडचे ईपीएसजी क्रमांक आणि वापरलेला रूपांतरण-मार्ग द्यावा. मेन्यूतून केलेलं कामही हरवत नाही. प्रोसेसिंगच्या इतिहासात प्रत्येक पायरी पायथनच्या आज्ञेसह नोंदलेली असते. ती उचलून स्क्रिप्टमध्ये ठेवा.

स्क्रिप्टही कायम चालेल असं नाही. आर भाषेतली आर-जीडॅल, आर-जिऑस आणि मॅपटूल्स ही पॅकेजं २०२३ मध्ये निवृत्त झाली. बरीच आधी सूचना देऊन, पर्याय म्हणून एसएफ आणि टेरा पुढे करून ती थांबवली गेली. असं निगुतीने बंद करणं हेही देखभालीचंच काम आहे, आणि ते करणारी माणसं मोजकी असतात. त्यांचा वेळ वाचवणं आपल्या हातात आहे.

[दृश्य : दोष नोंदवण्याचा अर्ज. कुणीतरी टाइप करतंय.]

दोष सापडला तर ४ जीबीची फाईल जोडू नका. ज्या आकारापाशी गडबड होते तोच बाजूला काढा, त्यातले बिंदू एकेक कमी करत जा, आणि दोष दिसायचा थांबला की एक पाऊल मागे या. बहुतेक वेळा पाच-सहा बिंदू उरतात. ते मजकुरात लिहा. सोबत चालवलेली आज्ञा, आवृत्त्या, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं.

जीडॅलच्या कोडशेजारी ऑटोटेस्ट नावाचं फोल्डर आहे. दोष दुरुस्त झाला की अशी छोटी उदाहरणं चाचणी म्हणून तिथे जाऊन बसतात. त्यानंतर जगात कुठूनही कुणी कोडमध्ये बदल सुचवला, की तो स्वीकारण्याआधी ते पाच बिंदू पुन्हा मोजले जातात.