बेवारस पॅकेज काढायचं कुणी?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. शेडमधल्या जुन्या सीएनसी मशीनला जॉबचा प्रोग्रॅम आजही सिरियल केबलनंच द्यावा लागतो. केबलचं दुसरं टोक एका लॅपटॉपला आहे. त्यावर डेबियन. प्रोग्रॅम पाठवणारं छोटं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा सुटा संच, कित्येक वर्षांत बदललेलं नाही, कारण तशी गरजच पडली नाही.

डेबियन ही 1993 पासून स्वयंसेवकांनी उभी केलेली लिनक्स प्रणाली. तिच्या भांडारातल्या हजारो पॅकेजेसपैकी प्रत्येकाला कुणीतरी वाली लागतो. पण नोकरी बदलते, घरचे व्याप वाढतात, पॅकेज सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, दिसेनासा होतो. मग कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या नव्या कंपाइलरवर पॅकेज बिल्ड, म्हणजे तयार, होत नाही, सुरक्षेची भोकं तशीच राहतात, दुसऱ्यांची कामं अडतात. बेवारस मालावर वाईट नजरही असते. जुलै 2018 मध्ये आर्च लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या एयूआरमधलं, म्हणजे वापरकर्त्यांनीच भरलेल्या भांडारातलं, 'अ‍ॅक्रोरीड' हे बेवारस पॅकेज कुणीतरी ताब्यात घेऊन त्यात घातक कोड घुसवला. सफाई हवीच.

एवढा पसारा हातानं आवरत नाही. डेबियनच्या पुढच्या आवृत्तीची तयारी चालते त्या 'टेस्टिंग' शाखेतून गंभीर बग असलेली पॅकेजेस यंत्रच काढतं. आधी मेंटेनरला मेल जाते, मुदत मिळते, कळीची पॅकेजेस वगळली जातात. नवं काम आधी जिथं येतं त्या 'अनस्टेबल' शाखेतून काढायचं तर मात्र रीतसर विनंती लागते.

'अनस्टेबल'मधलं हे कामही स्क्रिप्टकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, द्यावं, असं आमचं मत आहे. फक्त तारीख बघून पॅकेज मेलं असं ठरवू नये. वापराचे आकडेही पुरे पडत नाहीत. डेबियनची 'पॉपकॉन' मोजणी ऐच्छिक आहे, आणि उद्यमनगरातला कारागीर ती चालू करायला कशाला जाईल? बिल्ड मोडलंय, गंभीर बगला उत्तर नाही, दुसरं कुठलं पॅकेज यावर अवलंबून नाही, हे सगळं जुळलं तरच नोटीस निघावी. नोटिशीच्या मुदतीत कुणी सांभाळायला पुढं आलं, तर स्क्रिप्टनं तिथंच थांबावं.

काढलेलं पॅकेज डेबियनच्या जुन्या पॅकेजेसच्या 'स्नॅपशॉट' संग्रहात मिळतं, लॅपटॉपवरूनही आपोआप पुसलं जात नाही. अडतं ते पुढं, नव्या लायब्ररीशी त्याचं जमेनासं झालं की. म्हणून नोटिशीत पर्यायी पॅकेजचं नाव हवं, आणि काय दुरुस्त केलं तर हे वाचेल तेही हवं. असं पॅकेज दत्तक घ्यायला डेबियनचं सदस्य असावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठात सी शिकणारी एखादी मुलगीही ते घेऊ शकते. तिचं काम तपासून अपलोड करणारा एक प्रायोजक सदस्य तेवढा मिळायला हवा.