देव म्हणतो म्हणून चांगलं?

इसवी सन पूर्व 399, अथेन्स. कोर्टाच्या बाहेर दोन माणसं भेटतात. एक सॉक्रेटिस, वय सत्तरच्या आसपास, त्याच्यावर केस झालीये की हा शहराच्या देवांना मानत नाही आणि तरुण पोरांना बिघडवतो. दुसरा युथिफ्रो, तो स्वतःच केस टाकायला आलाय, आणि कोणावर, तर सख्ख्या बापावर, तीसुद्धा खुनाची.

प्रकरण नीट ऐका, सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटोने ते बारकाव्यासकट लिहून ठेवलंय. नॅक्सोस बेटावर यांची शेती होती, तिथे कामाला असलेल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाचा गळा चिरला. बापाने त्या मजुराचे हातपाय बांधले, त्याला खड्ड्यात टाकलं आणि याचं आता काय करायचं हे विचारायला अथेन्सच्या धर्माधिकाऱ्याकडे माणूस पाठवला. आणि मग त्या खड्ड्याकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही, खुनीच तर आहे, मेला तर मेला. निरोप परत यायच्या आत तो थंडीने आणि भुकेने तिथेच मेला, बांधलेला होता तसाच.

घरचे सगळे युथिफ्रोवर चिडलेत, बापाला कोर्टात खेचणं हे पाप आहे म्हणतात. युथिफ्रो म्हणतो, उलट हेच धर्माचं काम, देवांना काय मान्य असतं ते मला पक्कं माहितीये. आणि सॉक्रेटिस त्याला जो प्रश्न विचारतो त्याला आज जवळजवळ चोवीसशे वर्षं झाली. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली असते, की ती मुळातच चांगली असते म्हणून देवांना आवडते?

तत्त्वज्ञानाची सुरुवात बहुतेक ठिकाणी "देव आहे का" इथून करतात. मी मुद्दाम सॉक्रेटिसच्या प्रश्नापासून करतोय, कारण देवावरची जी भांडणं आपण रोज ऐकतो त्यात निम्म्या वेळा दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेले असतात. एकजण म्हणतो देव नसेल तर माणूस काहीही करायला मोकळा, दुसरा म्हणतो मी देव मानत नाही तरी मी सरळ वागतो, आणि दोघं आवाज चढवून एकमेकांना उत्तर देत असतात, पण देव आहे की नाही हा मुद्दा त्यात येतच नाही.

समजा पहिलं उत्तर घेतलं, देवाला आवडतं म्हणून चांगलं. मग उद्या देवाने सांगितलं की निरपराध माणसाला छळा, तर ते चांगलं होईल का? बहुतेक भाविक माणसं इथे लगेच म्हणतात, छे, देव असं सांगणारच नाही. पण का नाही सांगणार? कारण छळ वाईट असतो, हो ना? म्हणजे आपण नकळत दुसऱ्या उत्तरावर आलो, की वाईट हे देवाने सांगायच्या आधीच वाईट आहे. आणि तसं असेल तर चांगलं-वाईट ठरवायची मोजपट्टी देवाच्या बाहेर आहे, ती शोधायचं काम आपल्याला करावंच लागणार, देव असला तरी आणि नसला तरी. यावर एक तिसरं उत्तर आहे आणि ते मला हलकं वाटत नाही, की चांगुलपणा ही देवाची आज्ञाही नाही आणि देवाबाहेरची गोष्टही नाही, तो देवाचा स्वभावच आहे. पण मग विचारावं लागतं की देवाच्या स्वभावात दया आहे म्हणून दया चांगली, की दया चांगली आहे म्हणून अशा स्वभावाला आपण चांगला म्हणतो. प्रश्न एक पायरी वर सरकतो, पण सुटत नाही.

आता देव आहे का. इथे सगळ्यात जवळचा वाटणारा युक्तिवाद रचनेचा. 1802 मध्ये विल्यम पेली या इंग्लिश धर्मगुरूने लिहिलं, माळरानावर घड्याळ सापडलं तर ते आपोआप बनलं असं कोणी म्हणणार नाही, मग डोळ्यासारखी गोष्ट आपोआप कशी बनेल? आपल्याकडे साधारण हजार वर्षांपूर्वी नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या, उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वरासाठी युक्तिवादांची रांगच लावलीये, त्यातला पहिला याच वळणाचा, जग हे कार्य आहे, घडा असला की कुंभार असतोच, तसा जगालाही कर्ता हवा. पेलीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार विशेष वाटते, की त्याच्या मताचं खंडन त्याच्या आधीच छापून आलेलं होतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे धर्मावरचे संवाद 1779 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, बाहेर आले, त्यात त्याने विचारलंय की जग घड्याळासारखंच कशावरून, झाडासारखं किंवा प्राण्यासारखं का नाही, आणि कर्ता एकच कशावरून, परिपूर्ण कशावरून? पुढे 1859 मध्ये डार्विनने दाखवलं की नैसर्गिक निवडीतून, हळूहळू, डोळासुद्धा घडू शकतो. त्याने देव नाही असं सिद्ध होत नाही, पण डोळ्याकडे बोट दाखवून देव सिद्ध करणं अवघड झालं हे मात्र खरं.

अकराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्म तर जगाकडे बघतच नाही, नुसत्या कल्पनेतून देव सिद्ध करतो. ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो देव, आणि फक्त मनात असण्यापेक्षा प्रत्यक्ष असणं मोठं, म्हणून तो प्रत्यक्ष आहेच. गॉनिलो नावाच्या भिक्षूने तेव्हाच विचारलं, याच लॉजिकने मी सर्वोत्तम बेट पण सिद्ध करू का? आणि 1781 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला की "असणं" हा काही गुणांच्या यादीत भर घालणारा गुण नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगून बघा, चांगला घाम फुटतो.

जिथे मला खरंच थांबावंसं वाटतं तो प्रश्न दुःखाचा. 1 नोव्हेंबर 1755, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सकाळची वेळ, सर्व संतांचा सण, चर्च माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला, प्रार्थना करणाऱ्या माणसांवर छतं कोसळली, जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकडे पळाले आणि तिथे त्सुनामीच्या लाटा आल्या, आणि शहरात लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत होती. हजारो माणसं गेली. याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, 1710 मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने लिहिलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये हे जग उत्तम आहे, आणि लिस्बननंतर फ्रेंच लेखक व्होल्टेअर त्या विधानावर तुटून पडला.

देव सर्वशक्तिमान, देव दयाळू, आणि तरी दुःख आहे, या तीन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या? माणसाला स्वातंत्र्य दिलंय म्हणून तो वाईट वागतो, हे उत्तर खुनाला लागू पडेल, पण भूकंप कोणाच्या स्वातंत्र्यातून आला? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच आक्षेप आधी मांडलाय, की ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, आणि उत्तर दिलंय की तो ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो, आणि संसार अनादि आहे, म्हणजे जन्मांच्या आणि कर्मांच्या या साखळीला सुरुवातच नाही. या उत्तराने हिशोब जुळतो, मान्य. पण ढिगाऱ्याखालच्या लेकराला हे तुझंच कर्म असं सांगायची माझी तरी जीभ रेटत नाही, आणि माझ्या मते हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. ज्या कर्माची आठवणसुद्धा नाही त्याची शिक्षा न्याय्य कशी, हा नीतीचा प्रश्न आहे.

म्हणजे फिरून आपण नीतीवर आलो. नीतीचे मोठे सिद्धांत वाचताना जाणवतं की ते देवाला मध्ये न आणताच बोलतात. 1789 मध्ये इंग्लिश विचारवंत बेंथॅमने सुख-दुःखाच्या बेरजेवर भर दिला, जास्तीत जास्त सुख होईल ते करा. कांट म्हणतो, परिणाम बघू नका, जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल त्यानेच वागा आणि माणसाला फक्त साधन म्हणून वापरू नका. अ‍ॅरिस्टॉटल विचारतो, तू कशा प्रकारचा माणूस होणार आहेस? एकेक वाचलं की प्रत्येकच पटतं, पण अवघड प्रसंग समोर ठेवला की तारांबळ उडते. 1967 मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूटने ट्रॉलीचं उदाहरण दिलं, ब्रेक लागत नाहीयेत, रुळावर पाच माणसं, गाडी दुसऱ्या रुळावर वळवली तर तिथला एक मरणार. बहुतेक लोक म्हणतात, वळवा. मग पाच पेशंट वाचवायला एका धडधाकट माणसाचे अवयव काढायचे का? इथे तेच लोक हादरतात, पाचाविरुद्ध एक हे गणित तेच असूनसुद्धा. कांटचंही तसंच, 1797 मध्ये त्याने ठामपणे लिहिलं की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलायचं नाही. मला हे मान्य नाही, अजिबात नाही, आणि तरीही माणसाला साधन करू नका हे त्याचं वाक्य सोडवत नाही.

आणि जे म्हणतात की देव काढला तर धर्म, नीती, कर्तव्य सगळं कोसळतं, त्यांनी कुमारिल भट्टांकडे जरूर बघावं. सातव्या शतकातले मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्तव्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले, वेद आणि कर्तव्य यांचे इतके कट्टर पुरस्कर्ते, पण जगाचा कर्ता त्यांनी नाकारला. त्यांचा मुद्दा असा, की हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूससुद्धा काही करत नाही, मग ईश्वराने जग का निर्माण केलं? दयेपोटी म्हणाल तर निर्मितीच्या आधी दया करायला होतं कोण, आणि दयेने केलं असतं तर सगळे सुखीच का नाही केले? वेद कोणीही रचलेला नाही, ईश्वरानेही नाही, असं त्यांचं मत, त्यामुळे धर्म उभा राहायला त्यांना ईश्वराची गरजच नव्हती.

कांट नेमका उलट्या दिशेने जातो. देवाचे सगळे नेहमीचे पुरावे मोडीत काढल्यावर 1788 मध्ये तो म्हणतो, कर्तव्य करायला देव लागत नाही, पण सद्गुणी माणसाच्या वाट्याला शेवटी सुख यावं अशी आशा धरायची असेल तर देव मानावा लागतो. म्हणजे त्याच्याकडे देवातून नीती येत नाही, नीतीतून देवापर्यंत वाट जाते. याला तो स्वतःसुद्धा नेहमीच्या अर्थाने पुरावा म्हणत नाही, आणि मला वाटतं बरोबरच करतो, कारण सज्जनांना सुख मिळायला हवं यावरून ते मिळेलच असं काही निघत नाही. पण असा देव मानणाऱ्या माणसाशी बोलताना डोळा, घड्याळ, डार्विन यातलं काहीच कामाला येत नाही, त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, की ती आशा सोडली तर तू कसा वागशील?