खिशातला मोबाईल आणि न झालेली तपासणी

मंडळी, उन्हाळ्यात जिंतूरकडचं एक जोडपं माझ्याकडं आलं. लग्नाला चार वर्षं झालेली, लेकरू नाही. पोरानं पँटच्या खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, ह्याच्यामुळंच होत नसंल का? दिवसभर मांडीलाच असतो." बायको शेजारी गप्प. तिच्या पिशवीत जाडजूड फाईल होती. सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे, आणि तोच एक्स-रे पुन्हा काढायची चिठ्ठी. पोराच्या नावाचा एक कागद नव्हता.

मला मोबाईल या विषयावर बोलायला बोलावलंय, तर आधी तेच बोलतो. पण ती फाईल डोळ्यांपुढून हलत नाही.

मोबाईलमधून निघतात त्या रेडिओलहरी. एक्स-रे पेशीतला डीएनए तोडू शकतो, या लहरींत तेवढं बळ नाही. ताकद जास्त असली तर शरीराचा तेवढा भाग तापतो, हे पक्कं माहीत आहे. म्हणून आपल्या देशात सप्टेंबर २०१२ पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेला किलोमागे १.६ वॅटची मर्यादा आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य सात, हॅश दाबलं की बऱ्याच फोनवर हा आकडा दिसतो.

मग शुक्राणूंना धोका आहे की नाही? २००९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी ३२ पुरुषांच्या वीर्याचे दोन-दोन भाग केले आणि एका भागापासून अडीच सेंटिमीटरवर चालू कॉलचा मोबाईल तासभर ठेवला. त्या भागातले शुक्राणू मंदावले. पण तो प्रयोग काचेतल्या वीर्यावर झाला. माणसाच्या अंगात मध्ये कातडी असते, वाहतं रक्त असतं.

स्वित्झर्लंडमधला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. तिथं सैन्यभरतीच्या वयातल्या, १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ पोरांची तपासणी २००५ ते २०१८ या काळात झाली. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत मिलिलिटरमागे ४.४५ कोटी शुक्राणू निघाले, आठवड्यातून एखाद्या वेळी वापरणाऱ्यांत ५.६५ कोटी. फरक आहे, नाही असं नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं धरलेली खालची पातळी १.६ कोटी आहे, आणि दोन्ही आकडे तिच्या बरेच वर आहेत. शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांत फरक आढळला नाही. फोन पँटच्या खिशात ठेवणाऱ्यांतही वेगळं काही दिसलं नाही. शिवाय हा फरक टू-जीच्या काळात ठळक होता, थ्री-जी, फोर-जी आल्यावर पुसट होत गेला. नव्या फोनला कमी ताकद लागते.

आता आपल्या मराठवाड्याचं सांगतो. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, लांब असला की ओरडतो. बालाघाटाच्या डोंगरात रेंजची एकच काडी येते, तिथं तुमच्या खिशातला फोन सगळ्यात जास्त ताकद लावत असतो. गावात टॉवर नको म्हणून भांडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. रेंज कमी असताना, कॉल किंवा हॉटस्पॉट चालू असताना फोन पँटच्या खिशात ठेवू नका. पिशवीत ठेवा, बाजेवर ठेवा. त्याला पैसा लागत नाही.

पण अंडकोश शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड लागतात, म्हणून निसर्गानं ते बाहेर ठेवले. वीटभट्टी, गुऱ्हाळाचं चुलवण, तापलेल्या ट्रॅक्टरवरचे आठ-आठ तास, हे कुणी मला विचारत नाही. तंबाखूचं विचारत नाही. जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांना तर पत्ताच नसतो की त्यानं शुक्राणू तयार व्हायचेच थांबतात. आणि शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांच्या अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या असतात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण मूल न होणाऱ्यांत हे जास्त सापडतं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं. तरी 'वांझ' म्हणून हिणवलं जातं ते बाईला, सण-समारंभात, ओटी भरताना. धातूची, म्हणजे वीर्याची, तपासणी म्हटलं की गडी उठून उभा राहतो, त्याला वाटतं मर्दानगी मोजताहेत. बाबांनो, संबंध अगदी व्यवस्थित असतानाही शुक्राणू शून्य असू शकतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, नमुना तासाभरात लॅबमध्ये द्यायचा, झालं. सुई नाही, भूल नाही. काही कमी निघालं तर पुन्हा तपासायचं, आणि उपचारांचा गुण यायला तीन महिने धरायचे, कारण नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात.

त्या पोरानं दोन दिवस कुरकुर केली, मग नमुना दिला. संख्या कमी निघाली, डावीकडच्या शिरा फुगलेल्या होत्या. तंबाखू सोडायला सांगितली, उपचार सुरू केले. फेरतपासणी पोळ्याच्या सुमारास आहे. तिच्या नळ्यांचा दुसरा एक्स-रे मी थांबवला.