सतरा तासांची रात्र, दोन सूर्योदयांचा दिवस

(दृश्य: पर्थ विमानतळ, तिन्हीसांजेची वेळ. धावपट्टीकडे वळणारं बोइंग ७८७.)

पर्थ ते लंडन. १४,४९८ किलोमीटर, साधारण सतरा तास, मध्ये थांबा नाही. ऑस्ट्रेलियातून थेट युरोप गाठणारी ही पहिली नियमित सेवा २४ मार्च २०१८ रोजी सुरू झाली.

(दृश्य: विमानाच्या आत, मंद दिवे.)

कोणी सिनेमा बघतंय, कोणी पेंगतंय. समोरच्या पडद्यावर एक इवलंसं विमान हिंदी महासागरावरून सरकतंय. त्या निळ्या पट्ट्यावर आपण जरा रेंगाळू.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. नदीच्या पाण्यावर कॅटलिना, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान.)

फेब्रुवारी १९४२. सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी हवाई वाट मधोमध तुटली. ती सांधायला १९४३ च्या मध्यापासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची ही विमानं पर्थच्या स्वान नदीतून निघून सिलोनच्या कोग्गला सरोवरात उतरू लागली. अंतर ५,६५२ किलोमीटर, वेग ताशी दोनशेच्या आसपास. वाटेत उतरायची सोय नाही. म्हणून आतलं काढता येईल ते सगळं काढलं, थंडी अडवणारं अस्तरसुद्धा, आणि इंधन भरलं. प्रवासी जेमतेम तीन.

(दृश्य: सेक्स्टंट, जवळून.)

वैमानिकांचे फोटो सगळीकडे सापडतात. मला विचाराल तर ही गोष्ट नॅव्हिगेटरची. जपानी विमानांच्या टप्प्यातला समुद्र रात्रीच ओलांडायचा आणि रेडिओवर चकार शब्द काढायचा नाही. मग वाट पुसायची कोणाला? ताऱ्यांना. या यंत्रातून ताऱ्याची उंची मोजायची, तक्ते चाळायचे, नकाशावर रेघ ओढायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दिशा एका अंशाने चुकली, तर एवढ्या अंतरावर ती चूक जवळपास शंभर किलोमीटर भरते. कोग्गला सरोवर त्यामानाने डबकंच.

विमानं पाच, नावंही ताऱ्यांचीच: व्हेगा, अल्टेअर, स्पायका, अँटारेस, रायगेल. म्हणजे आपले अभिजित, श्रवण, चित्रा, ज्येष्ठा, आणि मृगातला तो निळसर राजन्य.

(दृश्य: प्रवाशाला मिळालेलं प्रमाणपत्र.)

प्रवासाला कधी अठ्ठावीस तास लागत, कधी बत्तीस. एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवायचा, म्हणून उतरल्यावर प्रवाशाला हा कागद मिळे: ‘दोन सूर्योदयांच्या गुप्त मंडळा’चं सभासदत्व. १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावलं नाही. युद्धानंतर मात्र ती समुद्रात बुडवण्यात आली.

(दृश्य: पुन्हा ७८७. खिडकीबाहेर काळोख.)

आजच्या विनाथांबा प्रवासात इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं, शरीराचं घड्याळ बिघडतं ते वेगळंच.

पहिल्या फेरीतलं विमान पर्थला सूर्य मावळल्यावर निघालं आणि लंडनला सूर्य उगवायच्या आत उतरलं. सतरा तास रात्र त्याच्याबरोबरच पश्चिमेकडे सरकत होती. तारे खिडकीबाहेर होतेच.

(दृश्य: खिडकीची काच, तसंच काही क्षण. आवाज फक्त इंजिनाचा.)